पांढरा धूर

आमच्या विहिरीवरच्या खोलीत एक डिझेल इंजिन आहे. पाच अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं. मामंजींनी ते घेतलं तेव्हा वस्तीवर वीज नव्हती. पुढे वीज आली, विहिरीत मोटर उतरली आणि इंजिनाच्या खोलीत खताची रिकामी पोती, ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि एक मोडकं खुराडं येऊन बसलं. इंजिनावरची पट्टी गंजून कोरी झालीय. ‘५ एचपी’ आणि ‘१५०० आरपीएम’ एवढंच तिच्यावर वाचता येतं. आमच्याकडे अशा प्रत्येक इंजिनाला सरसकट ‘किर्लोस्कर’ म्हणतात, मग ते कुठल्याही कारखान्यातून आलेलं असो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीविहिरींवर मोटेच्या जागी इंजिन बसलं. त्या काळातली ही सवय अजून बोलण्यातून गेलेली नाही.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर धाकट्या दिरांबरोबर शेती बघते. गेल्या पौषात आमच्या शिवारातली डीपी जळाली. उन्हाळी कांद्याची लागण नुकती झालेली, रोपं मुळं धरायच्या बेतात, आणि पाणी विहिरीत नुसतं दिसतंय. डीपी एकदा जळली की बदलून मिळेपर्यंत कुणाच्या शब्दावर किती विसंबायचं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तशीही आमच्याकडे आठवड्यातून काही दिवस लाइट रात्रीचीच, आणि उसात बिबट्या असताना रात्री पाणी धरायला जाणं म्हणजे घरात मागे राहिलेल्यांची झोप घालवणं. भाऊजी म्हणाले, “वहिनी, इंजिन काढून बघू का?”

खुराडं बाहेर काढलं, पोती झटकली. भाऊजींनी टाकीत पाच लिटर डिझेल ओतलं आणि हँडल मारायला घेतलं. शेजारच्या वस्तीवरची दोन पोरं मदतीला आली. चाक फिरत होतं, इंजिन मात्र साधं खोकलंसुद्धा नाही.

ह्या इंजिनाला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. डोक्यावर एक छोटी खिट्टी असते. ती उचलली की एक व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही, आणि जड चाक हँडलने फिरवता येतं. चाकाने वेग धरला की खिट्टी पाडायची. आतली हवा एकदम दाबली जाते, तेल फवारलं जातं आणि, सगळं ठीक असेल तर, इंजिन हँडल झटकून टाकून स्वतः फिरायला लागतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवून धरायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं, मनगट बरोबर घेऊन नव्हे. हे पोरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जिमची सवय, त्यामुळे दोघांनी हँडल कचकन आवळून धरलेलं. मिस्त्री आल्यावर त्यांनी इंजिनाकडे पाहण्याआधी ह्या पोरांचे अंगठे पाहिले आणि दोघांना बाजूला केलं.

मिस्त्री नारायणगावच्या बाजूचे. मामंजींच्या वेळेपासून इंजिन त्यांच्या ओळखीचं. ते येईपर्यंत बांधावर निदान करणाऱ्यांची गर्दी जमली होती. एकाच्या मते रिंगा गेल्या, एकाच्या मते पंप गेला. तिसरा म्हणाला, “हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरा, कसं घेत नाय बघू.” मिस्त्रींनी त्याला मात्र नीट उत्तर दिलं. पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोचायच्या आत पेटली तर ती पिस्टनला उलट खाली ढकलते. मग हँडल उलटं येतं, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. “चालू होईलबी एखाद्या वेळी,” ते म्हणाले, “पण मग तुमचा हात बांधायला कुणाला बोलवायचं?”

मग त्यांनी भाऊजींना हँडल मारायला लावलं आणि स्वतः बाहेर जाऊन सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. धूर नव्हता, वासही नव्हता.

“बाई, धूरच नाय. म्हंजे तेल आतच जात नाय. रिंगा-बिंगा नंतर.”

मला हे फार आवडलं. वर्गात मी पेट्रोल आणि डिझेल इंजिनातला फरक फळ्यावर दोन रकाने आखून सांगायचे. पेट्रोलला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. रुडॉल्फ डिझेलला १८९३ मध्ये पेटंट मिळालं, १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन चाचणीला उतरलं. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावं. परीक्षेला एवढं पुरतं. पण बंद इंजिनापुढे उभं राहिल्यावर हेच वाक्य प्रश्न होऊन समोर येतं. हवा आत येते का? ती दाबली जाते का? तेल वेळेवर, बारीक फवारा होऊन येतं का? आणि जळालेलं बाहेर जातं का? ह्याशिवाय पाचवं काही नाही. विजेच्या तारा नाहीत, प्लग नाही, कॉइल नाही. आमच्या शिवारापासून खोडदची रेडिओ दुर्बीण फार लांब नाही, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. ठिणगीचं इंजिन रेडिओलहरींचा गोंगाट करतं, डिझेलला ठिणगीच नसल्याने ते त्या बाबतीत गप्प असतं. बाकी कुठल्याच बाबतीत नाही.

मिस्त्रींनी टाकीच्या बुडाची नळी सोडली आणि काचेच्या बाटलीत डिझेल धरलं. बाटली थोडा वेळ ओट्यावर ठेवली. खाली बोटभर पाणी बसलं, वर डिझेल, आणि दोन्हींच्या मधे तपकिरी, बुळबुळीत साय. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षं पडून राहिली की पावसाळ्यातली दमट हवा आत येते, रात्री पत्रा थंड झाला की तिचं पाणी होतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. ती साय त्यांची. भाऊजींचं पाच लिटर नवं डिझेल ह्याच घाणीवर ओतलेलं होतं. टाकी उतरवली, रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलनेच विसळली, फिल्टरचा जुना कागदी एलिमेंट फेकला, नवा आणला.

मग हवा काढायची. टाकी ते फिल्टर, फिल्टर ते पंप, पंप ते नोझल ह्या रस्त्यात कुठेही हवेचा बुडबुडा असेल तर इंजिन घेत नाही. तेल दाबलं की दाब पुढे जातो. हवा दाबली की हवाच आकसते, नोझल उघडत नाही. ‘एअर धरली’ म्हणतात ती हीच. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला: आधी फेस, मग थेंब, मग अखंड धार. स्क्रू आवळला. पंपावरचा स्क्रू सैल केला: पुन्हा फेस, पुन्हा धार. आता शेवटचं, नोझलजवळचा नट सैल करून हँडल फिरवायचं. तिथे तेल धक्क्याधक्क्याने यायला हवं.

तिथे काहीच आलं नाही.

पंपाच्या तोंडापर्यंत धार, पंपाच्या पलीकडे कोरडं. बांधावर ‘पंप गेला’ म्हणणारा खूश झाला. भाऊजींनी नव्या पंपाची किंमत विचारायला फोनसुद्धा काढला. मिस्त्रींनी पंपाच्या कुशीतली दांडी अंगठ्याने दाबून बघितली. ती हलेना. ह्या दातेरी दांडीला रॅक म्हणतात. ती सरकली की पंपातला दट्ट्या थोडा फिरतो आणि तेल किती सोडायचं ते ठरतं. पूर्ण एका बाजूला असली की तेल शून्य. इंजिन बंद करायचा लिव्हर हेच करतो. शेवटी कधीतरी कुणीतरी इंजिन बंद केलं, लिव्हर ओढलेल्या स्थितीतच राहिला आणि आतलं डिझेल वाळून त्याचं लाखेसारखं कीट झालं. रॅक शून्यावर चिकटून बसला होता. पंप शाबूत होता; त्याला कुणीतरी दिलेला ‘बंद’चा हुकूम तो इतकी वर्षं पाळत होता.

त्यावर हातोडी चालवायची नसते. पंपातला दट्ट्या आणि त्याचं नळकांडं ह्यांच्यात अंतर असतं दोन-तीन मायक्रॉन. म्हणूनच तो तेलाला दोनशे बारच्या घरात दाबू शकतो, आणि म्हणूनच एक टोला त्याला कायमचा निकामी करतो. मिस्त्रींनी ताजं डिझेल सोडून रॅक भिजत ठेवला, चहा घेतला, मग चिमटीत धरून मागे-पुढे, मागे-पुढे. किती वेळ गेला सांगता येणार नाही, कारण मध्येच जेवणं झाली. दुपारी रॅक सैल पडला. हँडल फिरवलं तशी नोझलजवळच्या नटातून तेलाची उचकी बाहेर आली. नट आवळला. आता हँडल मारताना नोझलमधून ‘कर्र, कर्र’ असा आवाज यायला हवा. आवाज आला, पण ओला, दबका. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नोझलवर टेकवून मूठ कानाला लावली आणि तोंड वाकडं केलं. तरी म्हणाले, मारा.

खिट्टी पडली, चाक अडखळलं, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा.

ह्या पांढऱ्या धुराने पुढे आमची पार परीक्षा पाहिली. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे तेल आत जातंय, पण पेटत नाहीये. नुसती त्याची वाफ बाहेर येतेय. एका अर्थी ही प्रगती होती. पण बांधावरच्यांच्या दृष्टीने सकाळी इंजिन बंद होतं आणि संध्याकाळीही बंदच होतं.

इथे मी माझी वही काढली. प्रयोगवहीची सवय जात नाही. डावीकडे काय बदललं, उजवीकडे काय दिसलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भाऊजींना ही पद्धत म्हणजे वेळ घालवणं वाटत होतं. त्यांचं म्हणणं, नोझल, रिंगा, गॅस्केट सगळं एकदम बदलू, चालू झालं की झालं. मिस्त्रींना वहीची गरज नव्हती, पण वहीला त्यांची हरकतही नव्हती. ते म्हणाले, “लिवा बाई. पुढच्या मिस्त्रीला उपयोगी पडंल.”

नोझल काढून नारायणगावला पंपवाल्याच्या दुकानात नेला. तिथे टेस्टर असतो. हाताने दाबायचा पंप, वर दाबाचं घड्याळ, टोकाला नोझल बसवायचा. चांगला नोझल ठरलेल्या दाबाला एकदम उघडतो, करकरतो, धुक्यासारखा फवारा टाकतो आणि तितक्याच झटकन मिटतो. आमचा दीडशेच्याही खाली उघडत होता आणि फवाऱ्याऐवजी लघवी करत होता. शब्द दुकानदाराचा; मी सौम्य करायचा प्रयत्न केला, पण ह्याहून अचूक शब्द सापडला नाही. मिटल्यावरही टोकाला थेंब लोंबत होता. थेंब पेटायला वेळ लागतो, धुकं लगेच पेटतं. लाकडाचा ओंडका आणि भुसा ह्यांत जो फरक तोच. दुकानदाराने नवा नोझल घातला, स्प्रिंगखाली पातळ चकत्या टाकून दाब दोनशेला बसवला. टेस्टरसमोर हात धरू नका, असं तो गिऱ्हाइकाला दिवसातून किती वेळा सांगत असेल! त्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ती दवाखान्यात नेण्याचीच असते.

नवा नोझल बसवला. आवाज आता कोरडा, खणखणीत. हँडल मारलं. पांढरा धूर.

भाऊजी उठून कांद्याकडे निघून गेले. त्यांची बाजू मला कळत होती. पैसे गेले, दिवस गेला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी चित्र तेच. जुन्या भंगारवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होताच. तेव्हा तरी कुणाला वाटलं असतं की नोझल उगाच बदलला. दोष तिथे नव्हताच, मग जुना परत बसवा आणि नव्याचे पैसे परत आणा. जुन्या यंत्राच्या बाबतीत माणूस चकतो तो इथे. त्याला एक दोष हवा असतो. तो काढला की यंत्र चाललं पाहिजे, नाही चाललं तर तो दोष नव्हताच, असा हा हिशेब. आमच्या इंजिनात मात्र एकही पुरता दोष नव्हता. अर्धे-मुर्धे चार-पाच होते. वैशाखात, हवा चाळीस अंशांवर असताना, ह्यातले दोन-तीन सहज झाकले गेले असते. पौषातल्या पहाटे सगळे एकाच वेळी उघडे पडले.

आता दाब. खिट्टी न उचलता चाक हळूहळू हाताने फिरवायचं. हवा दाबली जायला लागली की चाक अडलं पाहिजे, आणि सोडलं तर मागे उसळलं पाहिजे. आमचं चाक अडलं, क्षणभर थांबलं आणि ‘सुस्स’ करून पुढे सरकलं. ही सुस्स कुठून येते ते ऐकायचं. हवेच्या फिल्टरकडून आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतोय, सायलेन्सरकडून आली तर बाहेर टाकणारा, ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा. तीन ठिकाणी तीन जण कान लावून बसलो. भाऊजीही परत आले होते. सायलेन्सरला कान लावलेल्या पोराने हात वर केला.

टॅपेटचं झाकण काढलं. व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्या डोक्यावर केसाएवढी फट राहायला हवी, मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास. मिस्त्रींनी फिलर गेजची पाती घालून पाहिली. बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हवर फटच नव्हती. वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल गेलेला, त्यामुळे त्याची दांडी वर आलेली, फट खाऊन टाकलेली. म्हणजे तो पूर्ण मिटतच नव्हता. फट बसवली. चाक आता बरंच अडायला लागलं, पण उसळेना. हेड उतरवायचं ठरलं.

हेड उतरल्यावर मला मोजमाप करायची संधी मिळाली. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११०. म्हणजे ५५३ घन सेंटिमीटर. अशा इंजिनात दाबाचं प्रमाण साडेसोळाला एक असतं. सगळी हवा शेवटी छत्तीस घन सेंटिमीटर जागेत कोंबली जाते. वहीत गणित केलं. सकाळची हवा दहा अंशांवर, गळती शून्य आणि उष्णता कुठेही जात नाही असं धरलं तर हवा जवळपास सहाशे अंशांवर जाते. डिझेल त्याच्या निम्म्याहून कमी तापमानालाही पेटू शकतं, पण त्याला वेळ मिळाला तर. चालत्या इंजिनात तेल पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी वीस-बावीस अंश फवारलं जातं. १५०० फेऱ्यांवर हा अवधी अडीच मिलिसेकंदांच्याही आत. तेवढ्यात पेटायचं तर हवा नुसती गरम असून भागत नाही, भरपूर गरम लागते. हँडलच्या वेगात वेळ जास्त मिळतो खरा, पण त्याच वेळात उष्णता थंड लोखंडात जाते आणि हवा मिळेल त्या फटीतून निसटते. कागदावरचे सहाशे अंश विहिरीवर किती उरत असतील कुणास ठाऊक. आमच्याकडे ते पुरत नव्हते एवढं नक्की.

व्हॉल्व्हच्या बैठकीवर काजळीचे खड्डे होते. मिस्त्रींनी घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर उलटसुलट फिरवला, पुसला, बघितला, पुन्हा फिरवला. सगळीकडून सारखी राखाडी पट्टी दिसेपर्यंत हेच चालू. मग हेड उलटं करून व्हॉल्व्हच्या वाटीत डिझेल ओतलं आणि ठेवून दिलं. खालून ओल आली नाही. रिंगांबद्दल त्यांनी सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं, वरच्या कडेला थोडी पायरी लागली. “झिजलंय,” ते म्हणाले, “पण एवढ्यावर निघंल. रिंगा काढल्या तर लायनरबी बघावा लागंल, आन कांदा वाट बघत नाय.” हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत अवघड वाटतो. उघडलेलं यंत्र समोर असताना, अजून काय काय करता येईल ते दिसत असताना थांबायचं.

नवी गॅस्केट घालून हेड बसवलं, नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. आता चाक कॉम्प्रेशनवर आलं की अडायचं आणि सोडल्यावर खरंच मागे यायचं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. हँडल मारलं, इंजिन दोनदा फुटलं, ‘धप्, धप्’, आणि पुन्हा पांढरा धूर.

ह्या वेळी मात्र भाऊजी गेले नाहीत. ‘धप्’ सगळ्यांनी ऐकला होता.

मिस्त्रींनी मला चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. मला वाटलं चहाला. दोन कळश्या कढत पाणी सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत ओतलं, म्हणजे लोखंड आधीच गरम. मग हवेचा फिल्टर काढून आत चमचाभर इंजिन ऑइल. जास्त नाही, तेल दाबलं जात नाही, जास्त झालं तर पिस्टन त्यावरच आपटतो. हे ऑइल झिजलेल्या रिंगांच्या फटीत बसतं आणि काही फेऱ्यांपुरती ती बुजवतं. गव्हर्नरचा लिव्हर पूर्ण तेलावर. भाऊजींनी अंगठा नीट ठेवून हँडल धरलं, चाकाने वेग घेतला, पोराने खिट्टी पाडली.

धप्. धप्. मग सलग. आधी पांढरा, मग ऑइलचा निळसर, मग काळपट धूर, आणि थोड्या वेळाने धूर दिसेनासाच झाला. खोलीच्या कौलांवरून इतक्या वर्षांची धूळ खाली आली. पोरांनी व्हिडिओ काढला. मी वहीत ‘चालू’ एवढंच लिहिलं, तेही वाकडं.

पट्टा चढवला, इंजिनाने पंप फिरवला, आणि पंपाने पाणी ओढलं नाही. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता, त्यामुळे नळीत ओतलेलं पाणी विहिरीत परत जात होतं. ते निस्तरणं सोपं होतं. तासाभरात पाइपला पाणी आलं. पण पाणी जेमतेम पहिल्या वाफ्यात पोचलं असेल, तेवढ्यात इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोन आचके आणि बंद. पुन्हा हवा काढली, चालू झालं, थोडा वेळ चाललं, बंद. गरम इंजिन लगेच घेत होतं, म्हणजे दाब ठीक. नोझल नवा. पुन्हा सगळे आपापल्या जुन्या निदानावर गेले. रिंगावाला रिंगांवर, पंपवाला पंपावर.

हा शेवटचा दोष मिस्त्रींनी नाही, शेजारच्या पोराने काढला, आणि तोही चुकून. इंजिन बंद पडल्यावर डिझेल आहे का बघायला त्याने टाकीचं टोपण फिरवलं, आणि टोपण निघताना टाकीने श्वास घेतला. ‘फुस्स’ आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. टोपणाला एक बारीक भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी हवा आत यायला. कुंभारमाशीने ते भोक चिखलाने लिंपून टाकलं होतं. टाकीत पोकळी झाली की डिझेल खाली उतरत नव्हतं, इंजिन उपाशी मरत होतं. घर बांधताना तिने आमच्या कांद्याचा विचार करावा अशी अपेक्षा नाही, पण आम्ही टाकी उतरवून विसळली तेव्हा टोपण बाजूला जपून ठेवलं होतं आणि त्याच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. तारेच्या तुकड्याने भोक मोकळं केलं. त्यानंतर इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं.

डीपी नंतर आली. तोवर कांद्याला पाणी मिळालं होतं, शेजारच्या दोन वस्त्यांनीही आमच्या पाइपवरून आपले वाफे भिजवून घेतले. डिझेलचा खर्च त्यांनी दिला, इंजिनाचं भाडं भाऊजींनी घेतलं नाही.

आता टाकी भरून ठेवलेली असते, म्हणजे आत दमट हवेला जागा नाही. इंजिन बंद केल्यावर लिव्हर परत ‘चालू’कडे ढकलायचा, हे मी खोलीच्या भिंतीवर खडूने लिहिलंय, माझं अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. महिन्यातून एकदा ते चालवायचं काम शेजारच्या पोराकडे आहे. रिंगा पावसाळ्याआधी बघू, असं मिस्त्री म्हणतात; लायनरसकट करायचं तर खर्च किती, तो आकडा त्यांनी सांगितलाय. त्या आकड्यात एक जुनं पण बरं इंजिन येईल, असं भाऊजींचं म्हणणं. मी मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, “येईल की बाई. पण त्येच्यात काय काय अर्धं हाय ते पुन्हा पहिल्यापासून हुडकावं लागंल.” भाऊजींना हे पटलेलं नाही. त्यांनी दोन ठिकाणी इंजिनं बघून ठेवलीत, आणि येत्या रविवारी मिस्त्रींनाच बरोबर घेऊन ती दाखवायला नेणार आहेत.